पाच दिवसांच्या आत

खोक्यावर छापलंय: न आवडल्यास पाच दिवसांत परत.
सहा हप्त्यांवर घेतलेत हे इअरबड्स,
तेव्हा मी काही भीडभाड ठेवणार नाही.
औषधांच्या दुकानातली एक अर्धी कोरी वही होती,
तीच काढली.

रबराचे बोळे तीन मापांचे.
उजव्या कानाला मधला बसला, डाव्याला धाकटा.
एकेचाळीस वर्षं एकाच डोक्यावर राहून
दोघे एकसारखे नाहीत, हे आत्ता कळलं.

बटण दाबलं.
आधी फ्रिज गेला.
मग खालच्या रस्त्यावरची बस,
मग छतातून झिरपणारी
नीबियाच्या ऑक्सिजन यंत्राची घरघर,
जिच्यापायी गेल्या मार्चपासून
मी उशी डोक्याखाली कमी, डोक्यावर जास्त घेते.
लिहिलं: उत्तम.
खाली दोन रेघा मारल्या.

दुसरा दिवस, कामावर जाताना.
ड्रायव्हरचं तोंड हलतंय, इंजिन नाही,
खिडक्यांचा खडखडाट निम्मा.
पण मोजे विकणारा पोरगा चढला
आणि त्याचं "तीन जोड शंभराला" जसंच्या तसं आत.
कोपऱ्यावर सायकलवाला धारवाला,
त्याच्या पाव्याची शीळ
सुरीसारखीच आरपार.
लिहिलं: सतत चालू असतं ते पुसलं जातं,
अचानक येतं ते गळतं. उणीव.

रविवारी रांब्लावर पांपेरो सुटलेला.
नदी, जिला आम्ही मॉन्तेविदेओचे लोक समुद्रच म्हणतो,
भिंतीवर आपटत होती, मुकी.
वाऱ्याने मात्र माइकच्या भोकाला तोंड लावून
असा गळा काढला की टोपी कानांवर ओढली.
तशात एल्बाला फोन केला.
"बादलीत बसून बोलतेयस का?" बहीण म्हणाली.
संध्याकाळी वारा पडला, पालेर्मोत ढोल निघाले.
कानांनी नाकारले, तळपायांनी घेतले.
याचे गुण द्यायचे की कापायचे?
रकाना मोकळा.

बॅटरी सहा तास म्हणतात.
चार तास चाळीस मिनिटं.

चौथ्या रात्री वीज गेली.
मला कशाला कळतंय?
फ्रिज आधीच नव्हता, यंत्र आधीच नव्हतं,
बाहेरची शांतता आतल्या शांततेला
टाका न दिसता येऊन जोडली गेली.
मी झोपलेले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उताणी.

टण्.
टण् टण्.
चमचा, पाण्याच्या पाइपावर.
तीच ती दुसऱ्या दिवसाची उणीव.

अनवाणी, दोन जिने, मोबाइल दातांत धरून.
नीबिया पलंगाच्या काठावर,
ओठ जांभळट, हातात चमचा,
आणि कोपऱ्यात जादाचं सिलिंडर,
ज्याची चावी तिच्या संधिवाताच्या बोटांचं ऐकत नाही.
माझंही लगेच ऐकलं नाही.
मग सुस्स...
तो आवाज मी कान पुढे करून ऐकला.

उजाडेपर्यंत बसलो.
येर्बा मातेचा कडू काढा, एकच नळी, हातातून हातात.
तिने माझी डबी उघडली, एक कानात घातला, डोळे मिटले.
टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं काढलेली बाई,
कानाच्या कामात तिला कोण शिकवणार!
"चांगलाय," म्हणाली,
"पण आम्हाला एकच कान झाकायला द्यायचे गं.
दुसरा मागे फिरणाऱ्या मुकादमणीसाठी.
तिचा बूट वाजला की ताठ बसायचं."
आणि हसली, हसताना धाप लागली,
धाप लागल्यावर पुन्हा हसली.
तेवढ्यात वीज आली,
यंत्र खोकून सुरू झालं.

आज पाचवा दिवस. दुकान सातला बंद होतं.
सव्वासहा झालेत. खोकं, पावती, वायर टेबलावर.
मी खुर्चीत, दोन्ही कानांत.
वहीतली शेवटची ओळ:
डावा सैल बसतो. जांभई दिली की पडतो.

जांभई देते.
वर घरघर चालू आहे.